मुकी घुंगरं

मागच्या मंगळवारी सव्वापाचला मी स्कूटरची किल्ली घेतली, हेल्मेट चढवलं, जिना उतरलो आणि पार्किंगमध्ये आल्यावर लक्षात आलं की आज कुठे जायचंच नाहीये. लेकीनं कथकचा क्लास सोडून दोन आठवडे झालेत. बायको गॅलरीतून बघत होती. "आता उतरलाच आहात तर दूध घेऊन या," म्हणाली. मग दूध आणलं.

सात वर्षांची सवय आहे हो. मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते साडेसहा. पाथर्डी फाट्यावरून निघायचं, इंदिरानगरच्या बोगद्यापाशी अडकायचं (नाशिककराला बोगदा म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही) आणि पलीकडे गोविंदनगरच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पोरीला सोडायचं. खाली हार्डवेअरचं दुकान, वर क्लास. दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेला हॉल, खाली कोटा फरशी, कोपऱ्यात नटराज, त्याच्यापुढे उदबत्तीचं घर. आरसा नाही. ताई म्हणतात, लहान पोरांसमोर आरसा ठेवला की ती स्वतःचे केस बघत बसतात, पायाकडे कान जातच नाही. पालकांनाही आत प्रवेश नाही. त्यामुळे आम्ही सगळे जिन्यावर. आया वरच्या पायऱ्यांवर, आम्ही दोन-तीन बाप खालच्या.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग. पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचं, पास नाहीतर रिजेक्ट. नाचातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मिरवणुकीत ढोल सुरू झाला की पाय हलतात, पण ते नाशिकच्या ढोलाचं काम, माझं काही नाही त्यात.

जून २०१९ मध्ये तिला घातलं तेव्हा ती दुसरीत होती. पहिले सहा-सात महिने घुंगरू नाही, गाणं नाही, गिरकी नाही. नुसता तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. हात कमरेवर, पाठ ताठ, आणि पाय आपटा. जिन्यावर कुजबुज सुरू झाली. "आमची टीव्हीपुढे याहून बरं नाचते." एका बाईंना शाळेच्या गॅदरिंगला मुलीचा नाच बसवून हवा होता, तो काही बसेना, म्हणून त्यांनी दिवाळीआधीच तिला काढलं. मलाही मनातून वाटायचं, महिना ८०० रुपये भरून फरशीवर पाय आपटायला शिकवतायत, हे घरी फुकट झालं असतं.

पण जिन्यावर करायचं काय? मोबाइलला रेंज नाही. मग ऐकत बसायचो. आणि एक दिवस कानाला ते खटकलं.

तत्कारात पाय असे पडतात: ता थेई थेई तत् म्हणजे उजवा, डावा, उजवा, डावा. आता माणूस चालतो तसं पाचवा उजवा यायला हवा. येत नाही. आ थेई थेई तत् हे डाव्यानं सुरू होतं: डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथा ठोका डावा आणि पाचवाही डावाच. तसंच आठवा उजवा आणि पुन्हा पहिला उजवा. एकच पाय लागोपाठ दोनदा. बारा पोरी एकदम तत्कार करतात तेव्हा चार ठोके छान एकजीव ऐकू येतात आणि पाचव्याला फरशीवर मूठभर वाटाणे सांडल्यासारखा आवाज होतो. कुणी डावा उचलायला उशीर केला, कुणी चुकून उजवा टाकला, कुणी घाबरून थांबलीच. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं रिजेक्शन एकाच स्टेशनवर.

महिन्याभरात त्या वाटाण्यांमधला आमचा वाटाणा कोणता तेही ओळखू यायला लागलं. घरी येताना स्कूटरवर मी तिला म्हटलं, "तुझा पाचवा उशिरा पडतोय." मागून बराच वेळ आवाज नाही. मग, "बाबा, तू आत येऊन बघितलंस?" नाही म्हटलं. "मग तुला कसं कळलं?" पुढच्या शुक्रवारी तिनं हे ताईंना जाऊन सांगितलं. ताई दाराबाहेर आल्या, आम्हा बापांवरून एक नजर फिरवली आणि विचारलं, "पाचवा कोणी ऐकला?" शाळेत उभं केल्यासारखा मी उभा राहिलो.

वसंत पंचमीला घुंगरांची पूजा असते. लहान मुलींना एका पायात ५०, म्हणजे जोडीला १००. तयार ओवलेली मिळतात, पण ताईंचा आग्रह सुटी आणून स्वतः ओवायचा. मी जुन्या नाशकात भांडी बाजारात गेलो. दुकानदारानं पोत्यातून ओंजळभर पितळी घुंगरं तराजूत टाकली. वजनावर मिळतात ती. मी म्हटलं थांबा, आणि एकेक चिमटीत धरून कानाशी हलवायला लागलो.

घुंगरू हातात घेऊन कधी नीट बघितलंय का? खालून चार पाकळ्यांसारखी फट, आत लोखंडाची गोळी. ओतकामात आत कुठे पितळेचा काटा राहिला, किंवा पाकळ्या जास्त दाबल्या गेल्या, की गोळी अडकते. बाहेरून अगदी चकाचक, पण हलवलं की गप्प. काही गप्प नसतात पण फुटकी बोलतात, टिचलेल्या कपासारखी. ११० तपासली, त्यात सहा मुकी आणि एक फुटकं. दुकानदार वैतागला. "साहेब, पोरीच्या पायात बांधायचंय की काळारामाला घंटा वाहायचीय?" पण त्यानं बदलून दिली. शेवटी शेवटी तोही एखादं स्वतःच्या कानाशी हलवून बघायला लागला होता.

ओवणं हे त्याहून किचकट. जाड सुती दोरी, आणि प्रत्येक घुंगरानंतर एक गाठ. गाठ फार आवळली तर घुंगरू हलत नाही, सैल ठेवली तर शेजारच्यावर आपटून खळखळाट होतो. ताईंनी मला जिन्यावरच ती गाठ शिकवली, दोन संध्याकाळी लागल्या. बोटांना फोड आले. पण पूजेच्या दिवशी बारा जोड्या नटराजापुढे मांडल्या होत्या त्यातली आमची उचलून ताईंनी एकदाच हलवली, आणि म्हणाल्या, "ही कुणी केली?" त्या दिवसापासून मी 'घुंगरूवाले बाबा' झालो. पुढच्या वर्षांमध्ये निम्म्या क्लासची घुंगरं आमच्या डायनिंग टेबलावर तपासली गेली आहेत. बायकोला विचारा.

आणि लगेच मार्चमध्ये लॉकडाऊन. क्लास मोबाइलवर. ज्यांनी तो प्रकार केला नाही त्यांना सांगतो: ताईंच्या घरचा तबला आमच्याकडे उशिरा पोचायचा, आमचे पाय त्यांच्याकडे आणखी उशिरा, आणि बारा घरांचा उशीर बारा प्रकारचा. पहिल्या दिवशी जे काही झालं त्याला ताल म्हणणं म्हणजे पाप. शिवाय खालच्या मजल्यावरच्यांचा तिसऱ्याच दिवशी फोन, की आमच्या डोक्यावर घोडागाडी चालू आहे. आम्ही गादी टाकली. गादीवर तत्कार वाजत नाही, नुसता बुडतो.

ताईंनी मग पायांचा नाद सोडला आणि तोंडावर आल्या. पढंत. हातानं टाळी देत बोल म्हणायचे, सगळ्यांचा माइक बंद, एकेकीचा उघडायचा. त्रितालाच्या १६ मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्याला खाली, म्हणजे तिथे टाळी द्यायची नाही. ते वर्षभर घरात सतत चालू होतं. पोळ्या लाटताना बायको टाळी द्यायची, चुकून खालीवर. त्याच वर्षात मला तिहाई कळली. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदाचा शेवटचा बोल बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तिला एक सोपी दिली होती: तिगदा दिगदिग थेई, तीनदा. ती कधी एक मात्रा आधी यायची, कधी नंतर. चिडायची, रडायची. मी इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तीन मात्रांचा तुकडा, तीनदा म्हणजे नऊ. शेवटची थेई पुढच्या समेवर हवी, म्हणजे सतराव्या मात्रेवर. सतरावी धरून नऊ मात्रा मागे मोज: नवव्यापासून उचलायचं. खालीवर सुरू कर, आपोआप समेवर येशील. तिनं उचललं, आली. "बाबा, हे गणित आहे?" मग तिनं दिवसभर सगळ्या गोष्टी तीनदा करून समेवर आणल्या. जेवायला बसणंसुद्धा.

परीक्षांबद्दल फार सांगत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढत विशारद, अलंकारपर्यंत. परीक्षक बाहेरचे, पोरींचे हात गार, बाहेर आयांचे त्याहून गार. एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली आणि आवडली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते पुढे आपल्या पंचवटीत आश्रम काढून राहिले होते. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. रामकुंडावर आपण इतक्या वेळा जातो, मला हे चाळिशी ओलांडल्यावर समजलं, तेही जिन्यावर बसलेल्या एका आजींकडून.

आता कालिदासची गोष्ट. सांगायला नको वाटते, पण सांगतो.

डिसेंबर २०२३, क्लासचा वार्षिक कार्यक्रम, महाकवी कालिदास कलामंदिर. ती सहावीत, एव्हाना एका पायात १००. दोरी जुनी झाली म्हणून मी सगळी घुंगरं नव्यानं ओवली. ताईंनी नेहमी सुतीच सांगितली होती. मी शहाणा, नायलॉनमिश्रित घेतली. ताणाला मजबूत, घामानं कुजत नाही. हे सगळं खरंच आहे. पण नायलॉन गुळगुळीत असतं, गाठ धरत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही; आमच्या आजीनं सांगितलं असतं. मेकअप रूममध्ये पुरुषांना येऊ देत नाहीत, मला खास बोलावलं. मी दोन्ही पायांना घुंगरं बांधली, टोक खोचलं, ओढून बघितलं. पास.

मी अकराव्या रांगेत. तबला, पेटीवर लेहरा, आठ मुली. तिसऱ्या का चौथ्या चक्कराला तिच्या उजव्या पायातून काहीतरी सुटलं आणि सोनेरी सापासारखं सरपटत विंगेपाशी गेलं. शंभरच्या शंभर. लोकांना वाटलं असेल, दागिना पडला. माझे हात जागच्या जागी गार. शेजारी बायकोनं माझ्याकडे बघितलंच नाही, ते जास्त लागलं.

चक्कर संपली, मुली थांबल्या आणि तत्कार सुरू झाला, आधी बराबर, मग दुगुन, म्हणजे दुप्पट वेगानं. आठ मुलींच्या सोळा पायांमधून मला एकच पाय शोधायचा होता. आणि तो सापडला. तिचा उजवा गेला होता, म्हणजे पहिला, तिसरा, सहावा, आठवा ठोका नुसता तळव्याचा, दबका. वाजत होते ते डाव्याचे: दुसरा, चौथा, पाचवा, सातवा. बाकीच्या आवाजात तो चौथा आणि पाचवा जोडीनं यायचा, उघडा. आणि दोन्ही अगदी जागेवर. प्रत्येक आवर्तनात. चार वर्षांपूर्वी वाटाणे सांडायचे त्या जागी.

घरी येताना तिनं मला काही म्हटलं नाही. मीच म्हटलं, दोरी चुकली माझी. ती म्हणाली, "बाबा, फरशी खूप गार होती तिथली." एवढंच. दुसऱ्या दिवशी जाऊन सुती दोरी आणली.

यानंतर सगळं सुरळीत चालायला हवं होतं. पण पोरी मोठ्या होतात. सातवी-आठवीत तिची उंची भराभर वाढली, आणि नडग्या दुखायला लागल्या. काँक्रीटवर कोटा फरशी, त्यावर तासभर टाचा, दुखणारच. डॉक्टरांनी काही आठवडे पाय आपटणं बंद सांगितलं. ताईंनी तिला बसवून पढंत करून घेतली, पण मन उठतं ते अशाच वेळी. शाळा, त्यात ट्यूशन, त्यात मैत्रिणींचे रील. बॅचमध्ये एक मुलगा होता, सगळ्यात लयीचा पक्का. शाळेत चिडवायचे म्हणून सातवीत सोडायला निघाला. ताईंनी त्याला बिरजू महाराजांचं सांगितलं, कथक घराघरांतून बापाकडून मुलाकडे कसं आलं ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मला माहितेय. माझ्या वर्गाला कोण सांगणार?" याला उत्तर नव्हतं कुणाकडे. तो गेला. त्या दिवशी जिन्यावर त्याचे बाबा नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले होते, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

यंदा जूनमध्ये नववी सुरू झाली आणि ती म्हणाली, मला सोडायचंय, मला फ्रीस्टाइल शिकायचंय. मी माझी सगळी गेजं बाहेर काढली. मध्यमा प्रथम तोंडावर आहे. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. एवढी वर्षं फुकट. ताईंना काय वाटेल. ती शांतपणे ऐकत होती, त्यांच्या वयाची मुलं ऐकतात तसं, म्हणजे संपायची वाट बघत. मग म्हणाली, "बाबा, तुला नाही सोडायचाय क्लास. मला सोडायचाय."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोलली."

नवा क्लास कॉलेज रोडला. ताईंच्या भाषेत 'क्लास', यांच्या भाषेत 'स्टुडिओ'. तीन भिंतींना आरसे, पायाखाली मऊ मॅट, तीन महिन्यांचे ६००० रुपये एकदम. मी नाकं मुरडायची ठरवूनच गेलो होतो, पण एक मान्य करायला हवं. पहिली २० मिनिटं सर त्यांच्याकडून नुसतं वॉर्मअप करून घेतात. घोटे, पोटऱ्या, गुडघे, कंबर, सगळं मोकळं केल्याशिवाय उडी मारू देत नाहीत. कथकच्या क्लासमध्ये आल्या आल्या नमस्कार करून थेट तत्कार. नडग्या दुखल्या त्यात थोडा वाटा त्याचाही असणार. हे मी ताईंना सांगणार आहे, धीर झाला की.

पालकांना बसायला तिथे एसी खोली आहे, सोफा आहे, कॉफीचं मशीन आहे. आणि भिंतीवर एक स्क्रीन, त्यावर आतला कॅमेरा. पोर काय करतंय ते पूर्ण वेळ दिसतं. आवाज मात्र नाही. काचेचं दार इतकं घट्ट की आतलं गाणं फक्त सोफ्याच्या लाकडात धुगधुगतं. सात वर्षं मी तिला न बघता ऐकलं, आता न ऐकता बघतोय. हात झटकते, मान फिरवते, मैत्रिणीकडे बघून हसते. बरं चाललंय की वाईट, मला काय कळणार? बाजूच्या बाई म्हणाल्या, "किती छान करतेय ना तुमची?" मी म्हटलं, हो.

परत येताना विचारलं, मोजतात कसं? म्हणाली, आठात. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट म्हणून सुरू करतात. मी म्हटलं, म्हणजे दोन आठ झाले की त्रिताल. हेल्मेटच्या आतूनही तिनं डोळे फिरवलेले मला ऐकू आले.

परवा ताईंचा फोन आला. मला वाटलं, आता विचारणार. तर म्हणाल्या, "घुंगरूवाले बाबा, या वर्षीच्या नव्या मुलींची घुंगरं एकदमच आणून ठेवलीत मी. चार जोड्या. शुक्रवारी वेळ आहे का?"

शुक्रवारी साडेपाचला गेलो. बोगद्यापाशी अडकलो. जिन्यावर सगळे चेहरे नवे, कुणी ओळखीचं नाही. खालच्या पायरीवर बसून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, ४०० घुंगरं एकेक करून कानाशी हलवली. एकोणीस मुकी निघाली, ती वेगळ्या पिशवीत बांधली. आत नव्या बॅचचा तत्कार चालू होता. पाचवा एकीचाही जागेवर नव्हता.